माळरान आधी जंगल होतं का? उत्तर जुन्या पोथ्यांत आणि ओव्यांत

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की यवत, दौंड, इंदापूर या पट्ट्यात उसाच्या शेतांपलीकडे उघडे माळ दिसतात. पावसाळा सरताना त्यांच्यावर गुडघाभर गवत असतं. मधूनच एखादं हिवर, एखादी बोर, बाभळीची झुडपं. होळीच्या सुमाराला सगळं पिवळं पडतं आणि नवख्या माणसाला ती जमीन ओसाड वाटते. या जमिनीबद्दल एक कहाणी आपल्या मनात घट्ट बसली आहे. इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं ते तोडलं, उरलंसुरलं शेळ्यामेंढ्यांनी खाल्लं आणि त्याचा माळ झाला. शाळेतल्या निबंधात हीच कहाणी असते, वृक्षारोपणाच्या भाषणातही हीच. सरकारी नकाशांत अशा जमिनीचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणून दाखवलेला असतो.

ही कहाणी खरी आहे का, हे तपासायचं कसं? उपग्रहांची छायाचित्रं १९६० च्या दशकाच्या मागे जात नाहीत. इंग्रजांचे मोजणीचे नकाशे फार तर दोनशे वर्षं मागे नेतात. तळ्याच्या गाळात अडकलेले परागकण तपासून हजारो वर्षांपूर्वीची झाडं ओळखता येतात, पण त्यासाठी दीर्घकाळ ओलावा धरून राहिलेला गाळ लागतो आणि कोरड्या मुलखात तो सहज मिळत नाही. मग सातशे वर्षांपूर्वी नीरा-भीमेच्या खोऱ्यांत काय उगवत होतं हे कुणाला विचारायचं?

त्या काळी तिथे राहणाऱ्या, गुरं राखणाऱ्या, वारीला चालणाऱ्या माणसांना विचारता येतं. त्यांनी लिहून आणि गाऊन ठेवलेलं पुष्कळसं अजून शिल्लक आहे, आणि ते मराठीत आहे.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी नेमकं हेच केलं. नेर्लेकर अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ परिसंस्थेचा अभ्यास करतात, पाटील पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेतले. त्यांचा निबंध २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. तेराव्या शतकापासूनचं पारंपरिक साहित्य, म्हणजे चरित्रं, काव्यं, देवस्थानांच्या कथा, लोकगीतं, त्यांनी चाळलं. त्यात कोणत्या ठिकाणाच्या संदर्भात कोणत्या रानटी वनस्पतीचं नाव येतं, याची त्यांनी नोंद केली. अशा ४४ वनस्पती मिळाल्या. त्यांतल्या २७ उघड्या, गवताळ, काटेरी रानात वाढणाऱ्या निघाल्या. १४ कुठेही तग धरणाऱ्या होत्या. दाट जंगलाची खूण म्हणता येतील अशा निघाल्या अवघ्या ३. पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा पट्टा निदान साडेसातशे वर्षांपासून असाच गवताळ आणि काटेरी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

निष्कर्ष मोठा आहेच, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुराव्याची जात. ज्याला आपण भक्तिसाहित्य किंवा लोकसाहित्य म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलं होतं, ते इथे परिसंस्थेचा इतिहास सांगणारं साधन झालं. अशा कामाला जगभर ‘एन्व्हायर्न्मेंटल ह्युमॅनिटीज’ म्हणतात. मराठीत पर्यावरण मानव्यविद्या म्हणू या. इतिहास, साहित्य, भाषा, धर्म, तत्त्वज्ञान, कला, मानवशास्त्र या विद्यांच्या अभ्यासाच्या पद्धती घेऊन पर्यावरणाचे प्रश्न समजून घ्यायचे, आणि ते करताना विज्ञानाशी संवाद तोडायचा नाही, एवढी तिची ओळख इथे पुरेशी आहे.

कथेतलं झाड खरं कसं मानायचं?

पहिली शंका इथेच येते. पोथीत चमत्कार असतात, देव झाडाखाली प्रकट होतो, मग झाडाच्या उल्लेखावर विश्वास कसा ठेवायचा?

पंढरपूरचं उदाहरण घेऊ. संत कान्होपात्रा मंगळवेढ्याची. बिदरच्या बादशहाची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला आणि तिला पुरलं तिथे तरटीचं झाड उगवलं, अशी कथा आहे. हे झाड आजही पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाशी जोडलेलं आहे. आता तरटी म्हणजे काय? कोरड्या, मोकळ्या, दगडगोट्यांच्या जमिनीत वाढणारं काटेरी झाड. सह्याद्रीच्या सावलीतल्या ओल्या जंगलात कुणी तरटी शोधायला जाणार नाही. समाधीवर झाड आपोआप उगवलं की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. पण कथा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना तरटी ओळखीची होती, भीमेकाठी ती असणं त्यांना स्वाभाविक वाटत होतं, एवढं नक्की म्हणता येतं. चमत्कार खरा वाटावा म्हणून भोवतालचा तपशील रोजच्या पाहण्यातला लागतो. संशोधकाच्या कामाचा असतो तो हा तपशील. त्याबद्दल खोटं बोलण्याचं सांगणाऱ्याला काही कारण नसतं.

याउलट जिथे वर्णन करणं हाच कवीचा हेतू असतो, तिथे सावध राहावं लागतं. संस्कृत काव्यपरंपरेत वनवर्णनाचे ठरलेले साचे आहेत. चंदन, बकुळ, अशोक, चंपक अशी यादी कवी वन न पाहताही लिहू शकतो, आणि मराठी पंडित कवींनीही ती उचलली. अशी यादी स्थळाचा पुरावा ठरत नाही. गुराख्याच्या गोष्टीत सहज आलेली बाभूळ जास्त बोलकी असते.

आणखीही अडचणी आहेत. एकाच वनस्पतीला तालुका बदलला की दुसरं नाव असतं आणि एकच नाव दोन वेगळ्या झाडांना असतं, म्हणून भाषेच्या जाणकाराबरोबर वनस्पतीचा जाणकार बसवावा लागतो. पोथीची नक्कल करणारा मधूनच आपल्या काळातला शब्द घालतो. मौखिक गीताचं वय सांगणं तर फारच अवघड. वड, पिंपळ, चिंच ही झाडं माणसं लावतात, म्हणून ती मोजणीतून बाजूला ठेवावी लागतात. शिवाय लोक उपयोगाच्या आणि पूजेच्या झाडांची नावं जास्त घेतात, बिनकामाच्या झुडपाला पोथीत कोण जागा देणार?

यावरचा उपाय म्हणजे एकाच साक्षीदारावर विसंबायचं नाही. साहित्य जे सांगतं ते जुन्या चित्रांशी, छायाचित्रांशी, महसुली कागदांशी, दगडांशी ताडून पाहायचं. दगडांशी म्हणजे वीरगळांशी. गावाबाहेर मारुतीजवळ उभ्या असलेल्या या शिळांतल्या कितीतरी गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या वीरांच्या आहेत. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. ज्या मुलखात गोधनासाठी माणसं जीव देत होती, तिथे त्या गोधनाला पुरेल इतकं गवतही असलं पाहिजे. मराठेशाहीतली राखीव कुरणं हा असाच दुसरा पुरावा. घोडदळासाठी गवत राखलं जाई आणि त्यावरून तंटेही होत. इतिहासकार सुमित गुहा यांनी मराठी कागदपत्रांच्या आधारे या कुरणांवर आणि रानांवरच्या हक्कांचा इतिहास लिहिला आहे.

निसर्गविज्ञानही याच बाजूनं साक्ष देतं. सॅव्हानात झाडं असतात, पण त्यांचे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत. ऊन जमिनीपर्यंत पोचतं, म्हणून खाली गवत टिकतं. चरणारी जनावरं, अधूनमधून लागणारा वणवा आणि लांबलेला कोरडा काळ यांच्याशी इथल्या वनस्पती जुळलेल्या आहेत. कुणाला काटे, कुणाची साल जाड, कुणी वर्षातले आठ महिने जमिनीखाली कंदाच्या रूपात काढतं. शिवालिकच्या टेकड्यांतले जुने मातीचे थर सांगतात, की उष्ण प्रदेशातली ही गवतं उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरली होती. तेव्हा कुऱ्हाड धरणारा माणूस जन्मायचा होता. द्वीपकल्पातल्या सॅव्हानांत दोनशेहून जास्त प्रदेशनिष्ठ वनस्पती आहेत, म्हणजे जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या. तोडलेल्या जंगलाच्या जागी काही शतकांत इतक्या नव्या जाती तयार होत नाहीत.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. हा निष्कर्ष सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेतल्या मुलखापुरता आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बारामतीला पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावर आणि कोकण उतारावर खरोखर जंगलं होती आणि ती खरोखर तोडली गेली. तिथली तूट भरून काढलीच पाहिजे. प्रश्न आहे तो दोन्ही मुलखांना एकच औषध देण्याचा.

एवढं खोलात जाऊन साधतं काय?

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची प्रचंड मोहीम झाली. पहिल्या वर्षी २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि शेवटी ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. देशपातळीवर भारतानं २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर निकृष्ट जमीन पूर्ववत करण्याचं वचन दिलं आहे. इतकी झाडं लावायला जागा कुठून आणायची? शेत कुणी देत नाही, जंगलात जागा नसते. उरतं गायरान आणि माळ. खड्डे खणायलाही तीच जागा सोयीची. मग तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांच्या रांगा उभ्या राहतात.

त्या रांगांनी सावली धरली की उन्हावर जगणारं गवत मरतं. गवत गेलं की जमिनीवर घरटं करणारे धाविक आणि तणमोर जातात, चिंकारा आणि काळवीट सरकतात, लांडग्याला बीळ करायला निवांत जागा उरत नाही. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. आज त्या भागात माळढोक दिसणं हीच बातमी असते. त्यामागे शेती, विजेच्या तारा, शिकार अशी कारणं आहेतच, पण माळाला किंमत नाही ही समजूतही आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहचित्रांवरून काढलेल्या नकाशानुसार भारताच्या भूभागाचा सुमारे १० टक्के भाग अशा कोरड्या, खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा आहे, आणि त्यातला बराच मोठा हिस्सा सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात मोडतो.

धनगरांचं काय होतं, हे तर बहुतेक चर्चांमध्ये येतच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तांडे, हलतात, घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाआधी परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. या सगळ्या व्यवहाराचा पाया चराऊ माळ आहे. लागवडीसाठी माळाला चर खणून कुंपण घातलं, की मेंढपाळ तिथे ‘अतिक्रमण करणारा’ ठरतो. आणि ‘माळ शेळ्यामेंढ्यांनी केला’ ही कहाणी त्याला आधीच आरोपी करून ठेवते. माळ त्याच्याही आधीपासून आहे हे सिद्ध झालं, तर हा आरोप टिकत नाही. मला या संशोधनातला हा धागा सर्वांत जवळचा वाटतो.

हे दुखणं नवं नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फॉरेस्ट खात्यानं डोंगर, पडीत जमिनी आणि गायरानं ताब्यात घेतल्यानं शेतकऱ्यांच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, असं संतापून लिहिलं आहे. बंधारे घालून पाणी अडवण्याची सूचनाही त्यात आहे. आपण ते पुस्तक सामाजिक विचार म्हणून वाचतो, तसं ते वाचायलाच हवं, पण एकोणिसाव्या शतकातल्या चराऊ जमिनींचा तो समकालीन दस्तऐवजही आहे.

या विद्येची थोडी वंशावळ

पर्यावरण मानव्यविद्या हे नाव रूढ व्हायला ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांचा मोठा हातभार लागला. डेबोरा बर्ड रोझ यांनी तिथल्या आदिवासींबरोबर दीर्घकाळ काम केलं होतं, लिबी रॉबिन इतिहासकार. २००० नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गविज्ञान आणि मानव्यविद्या यांच्यातली भिंत पाडायची मागणी लावून धरली. २००९ साली म्युनिकमध्ये रेचेल कार्सन सेंटर सुरू झालं, जगभरच्या अभ्यासकांना तिथे फेलोशिप घेऊन राहता येतं. २०१२ साली ‘एन्व्हायर्न्मेंटल ह्युमॅनिटीज’ याच नावाचं संशोधन-नियतकालिक निघालं. त्यानंतर स्वीडन, नॉर्वे, अमेरिका, ब्रिटन इथल्या विद्यापीठांत केंद्रं आणि अभ्यासक्रम उभे राहिले.

पण नाव नवं असलं तरी काम आपल्याकडे जुनं आहे. पुण्यात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या धाकानं राखलेलं रान ही श्रद्धेची आणि वनस्पतिशास्त्राची एकत्र गोष्ट होती. गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी १९९२ मध्ये भारताचा पर्यावरणीय इतिहास एकत्र मांडला. जर्मनीतल्या हायडलबर्गचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर १९९२ साली वारले. तोवर त्यांनी कित्येक वर्षं धनगरांबरोबर चालून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. रान, माळ आणि गावशीव यांचा देवांशी असलेला संबंध त्यांनी उलगडला. ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या, त्यांची माहात्म्यं आणि त्यांच्याशी जोडलेल्या बायकांच्या श्रद्धा यांवर काम केलं. आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठात हे सगळं एका अभ्यासक्रमात एकत्र शिकवता येईल, इतकं ते समृद्ध आहे.

या विद्येचा आणखी एक गुण सांगायला हवा. पर्यावरणाच्या चर्चेत ‘आपण’ हा शब्द फार सैल वापरला जातो. आपण पाणी वाया घालवतो, आपण जंगल तोडलं. हे आपण कोण? महाडच्या चवदार तळ्यात किती पाणी आहे हे विज्ञान मोजेल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ते पाणी प्राशन केलं तोवर ते कुणाला वर्ज्य होतं, हे सांगायला इतिहास लागतो. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळाली, गावं पाण्याखाली गेली. ज्यांची जमीन बुडाली आणि ज्यांचे दिवे लागले, त्यांना एकाच ‘आपण’मध्ये बसवता येत नाही.

नव्या कामाला जागा कुठे आहे?

पहिली जागा हवामानाच्या इतिहासात. पर्जन्यमापकाच्या नियमित नोंदी एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या. त्याआधीचा पाऊस कसा कळणार? जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी खासगी रोजनिश्या, वर्तमानपत्रं आणि सरकारी पत्रव्यवहार वाचून १७८१ ते १८६० या काळातल्या पश्चिम भारतातल्या पावसाचा वर्षवार अंदाज बांधला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची साधनं मुख्यतः इंग्रजी होती. त्याच काळातले, आणि त्याही आधीचे, मोडीतले कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात गठ्ठ्यांनी आहेत. पाऊस लांबला म्हणून सारा तहकुबीचा अर्ज, दाण्याचे भाव, गुरं वैरणीवाचून मेल्याची तक्रार, कुरणावरचा तंटा. दुष्काळाचा इतिहास आपण १६३० सालचा आणि तुकोबांच्या घरच्या उपासमारीचा म्हणून भावनेनं सांगतो, त्याला गावनिहाय, वर्षनिहाय तपशिलाची जोड या कागदांतून मिळू शकते.

अडचण मोडी वाचणाऱ्यांची आहे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, राज्याचं पुराभिलेख खातं परीक्षा घेतं. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी मजकुराचं देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली मांडली. यंत्र अक्षरं लावून देईल, पण ‘बेगमी’, ‘खंडणी’, ‘वनचराई’ यांचा त्या कागदात अर्थ काय, हे वाचणाऱ्या माणसालाच ठरवावं लागेल. मराठी मातृभाषा असलेल्या, इतिहासाची किंवा वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या आणि मोडी शिकलेल्या मुलामुलीला या क्षेत्रात जी संधी आहे, ती जगातल्या कितीही मोठ्या विद्यापीठातल्या मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्याला नाही.

दुसरी जागा जात्यावरच्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामातून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्यातल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रण बर्नार्ड बेल यांनी केलं. २०१७ पासून ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं प्रसिद्ध होत आहेत. सासर-माहेर, भाऊ, विठ्ठल हे विषय सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ओवीत पाऊस कोणत्या दिशेनं येतो, बांधावर कोणतं झाड असतं, कोणतं धान्य दळलं जातं, पाणी किती लांबून आणावं लागतं, असे प्रश्न घेऊनही तो संग्रह वाचता येतो. बाजरी आणि जोंधळ्याच्या जागी गहू आणि ऊस कधी आले, हा प्रश्न एखादी विद्यार्थिनी पीएचडीसाठी घेऊ शकते.

गोव्यात खाजन शेतीचा विषय आहे. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या दारांतून ते भरती-ओहोटीप्रमाणे आत-बाहेर सोडायचं, पावसाळ्यात भात आणि एरवी मासे घ्यायचे. ही व्यवस्था गावकरी संस्थांनी शतकानुशतकं चालवली आणि तिच्या कारभाराचे जुने कागद आहेत. समुद्राची पातळी वाढत असताना हे बांध कोण दुरुस्त करायचं, खर्च कसा वाटून घ्यायचं आणि हयगय केली तर दंड कुणाला व्हायचा, हे आज नुसतं कुतूहल म्हणून वाचायचं नाही.

तिसरी जागा कायद्यात आहे, आणि तिच्याकडे मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांचं फारसं लक्ष जात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात प्रजातींच्या यादीबरोबर लोकांचं ज्ञानही यावं अशी अपेक्षा आहे. यादी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर करेल. कंदाची गोष्ट, ऋतूचं गाणं, देवराईचे नियम टिपायला लोकसाहित्य शिकलेला माणूस हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तर ज्येष्ठ व्यक्तींचे लेखी नोंदवलेले जबाब, पवित्र स्थळं, परंपरेनं वापरात असलेली चराऊ रानं ही सगळी पुरावा म्हणून धरली आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्कही हाच कायदा मान्य करतो. आजोबांची आठवण नीट लिहून, नकाशावर मांडून ग्रामसभेच्या दाव्याला जोडली तर ती कागदोपत्री पुरावा होते. कथा कशी ऐकायची, कशी उतरवायची, किती विश्वासार्ह मानायची, हे शिकलेल्या माणसाचं काम इथे थेट उपयोगी पडतं.

नोकऱ्यांबद्दल वस्तुस्थिती सांगायला हवी. भारतात ‘पर्यावरण मानव्यविद्या’ या नावाच्या जागांच्या जाहिराती फारशा निघत नाहीत. वाट आडवळणाची आहे. इतिहास, साहित्य, मानवशास्त्र किंवा परिसंस्थाशास्त्र यांपैकी एकात पक्कं शिक्षण, दुसऱ्याची कामापुरती ओळख, आणि मग संशोधन संस्था, संग्रहालयं, अभिलेखागार, पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्था, पत्रकारिता किंवा परदेशी फेलोशिप. साहित्याच्या विद्यार्थ्यानं एक हंगाम वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर माळावर फिरावं, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यानं एक पोथी शेवटपर्यंत वाचावी, एवढ्यानंही सुरुवात होते. दोघांनी मिळून एक निबंध लिहिला तर फारच उत्तम. नेर्लेकर-पाटील यांचं काम असंच दोघांच्या जोडीनं झालेलं आहे.

आणि ज्यांना विद्यापीठाच्या वाटेला जायचं नाही, त्यांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. गावातल्या एखाद्या आजीची ओवी किंवा मेंढपाळाची गोष्ट मोबाइलवर मुद्रित करताना आधी परवानगी घ्यावी आणि मुद्रण कुठे ठेवणार हे सांगावं. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी, श्रेय त्या माणसाचं असतं. झाडाचं नाव ज्या उच्चारात आलं तसंच टिपावं, ‘शुद्ध’ करू नये. जमलं तर त्याच माणसाबरोबर रानात जाऊन ते झाड दाखवून घ्यावं आणि फूल, पान, फळ यांची छायाचित्रं काढावीत. गाव आणि झाड यांची अशी खात्रीची जोडी नसेल तर कितीही सुंदर ओवी नकाशावर ठेवता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या त्या संग्रहात गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे, म्हणूनच त्यातली बाभूळ कुठल्या शिवारातली हे आज शोधता येतं.